लाल गादीवरची जागा

ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका पोटात घाला. दुसरीतच माझी शाळा सुटली आणि हातात बैलांचे कासरे आले, त्यामुळे शब्दही साधेच येतात. घडले तसे लिहितो.

दूरदेशी लढाई लागली आणि वऱ्हाडच्या कापसाला कधी नव्हता असा भाव आला. तेल्हाऱ्याच्या आमच्या मालकांनी, जानरावांनी, नवी दमणी केली, म्हणजे बसायची हलकी बैलगाडी. आत लाल रेशमी मश्रूची गादी. पुढच्या फळीवर बसून हाकायचो मी. त्या गादीवर पहिल्यांदा मालकीणबाई, मैनाबाई, बसायच्या होत्या, पण दमणी यायच्या आधीच त्या तापाने गेल्या. शेवटी शेवटी त्यांच्या कपाळावर सुंठेचा लेप असे. मला त्या स्वतःच्या हाताने भाकर वाढत.

वर्षाच्या आत मालकांची दुसरी बायको म्हणून गोदाबाई आल्या. रीतीप्रमाणे त्यांच्या गळ्यात सवतीचा टाक बांधला, म्हणजे मैनाबाईंच्या नावाची चांदीची लहानशी मूर्त. तो गळ्यात असला की गेलेली बाई नवीवर जळत नाही, असे म्हणतात. जळायचो मी. गोदाबाई लाल गादीवर टेकल्या की माझ्या पोटात आग पडे.

गोदाबाईंना पाचवा महिना लागला आणि त्यांना माहेरी अकोल्याला पोचवायचे ठरले. पहाटे बैल जुंपले, तर मैनाबाईंची कुत्री कवडी दमणीत चढून बसली. उतरेचना.

"येऊ दे तिले," जानराव म्हणाले आणि पागोटे आणायला आत गेले.

"घरात मैना, गाडीतबी मैना," गोदाबाई पुटपुटल्या. "सूर्यभान, कुत्रीच्या पायाले काळी माती हाय. गादी नासन. काही अंथर."

मी खाली तरट, वर जुनी गोधडी घातली आणि कडा गादीखाली घट्ट खोचल्या. तेवढ्यात त्यांनी टाक सोडला आणि कवडीच्या गळ्यात बांधला.

"घे वं. तुही बाई तूच सांभाळ." मग माझ्याकडे पाहून, "सांगजो नोको."

मी मालकांना सांगितले नाही. भिडस्त आहेच, पण खरे सांगायचे तर मला बरे वाटले.

दुपार कलली तशी गाडी उलार झाली. मागे भार वाढला की जू बैलांच्या मानेवरून उचलते, त्याला आम्ही उलार म्हणतो. बसलेली माणसे तर तीच होती. वाऱ्याला सुंठेचा वास येऊ लागला…

"आयकलं का, जरा सरकता?" मागून गोदाबाई म्हणाल्या.

"मी तं काठावर हावो," जानराव म्हणाले. "मधात जागाच जागा हाय."

"मंग मले कोण ढकलून राहिलं…"

मी वळून पाहिले. गोदाबाई पार कडेला गेल्या होत्या, एक हात पोटावर, एक दांडीला. कवडी गोधडीवर बसून दोघांच्या मधल्या रिकाम्या जागेकडे बघत शेपूट हलवत होती.

चाक खड्ड्यात गेले. गोदाबाई जवळजवळ बाहेर फेकल्या गेल्या. तेव्हा मात्र माझ्या पोटातली आग विझली. मी उडी मारली, कवडीच्या गळ्यातला टाक सोडला आणि तळहातावर पुढे धरला.

"बाई, बांधा… लवकर."

त्यांनी टाक गळ्यात घालून गाठ मारली. जू दणकन खाली बसले. जानराव दोघींकडे, म्हणजे बाईंकडे आणि कुत्रीकडे, नुसते बघत राहिले. दिवेलागणीला आम्ही मोर्णा नदी ओलांडून अकोल्याच्या जुन्या शहरात पोचलो. बाई सुखरूप होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गोधडी नदीवर नेऊन धुतली. धुण्याआधी पाहिले, तर कवडीच्या पायांचे ठसे एकाच कोपऱ्यात होते, मधली जागा तिने सोडली होती. मालक सौद्यासाठी थांबले. मला रिकामी दमणी घेऊन परत जायला सांगितले. गोधडी वाळल्यावर ती पुन्हा गादीवर खोचली, कवडीला बसवले आणि बैल हाकले.

वेशीबाहेर कळले, गाडी आता उलार नव्हती. भार पुढे होता. जू बैलांच्या मानेत रुतत होते. कवडी मागून माझ्या शेजारच्या रिकाम्या फळीकडे बघत शेपूट हलवत होती, आणि सुंठेचा वास अगदी जवळून येत होता.

मी फळीवर थोडा सरकलो. जागा केली.