पुढचा मजकूर

खोली चांगली आहे, हे आधी सांगून टाकतो. पलंग स्वच्छ, उश्या दोन, दिवा डोळ्यांना न खुपणारा. खिडकी नाही, पण एका भिंतीला मोठी काच आहे आणि काचेपलीकडे माणसं असतात. जेवण वेळेवर येतं. मला काहीही झालेलं नाही. तक्रारीला जागा नाही.

मी या लॅबमध्ये अठरा वर्षं तंत्रज्ञ आहे. शनिवारी सकाळी माझ्या हातात काचेची ट्यूब फुटली आणि हातमोज्यासकट अंगठा चिरला. असं झालं की माणसाला या खोलीत ठेवायचं, असा नियम आहे. तीन दिवस रोज रक्त तपासायचं. तिन्ही रिपोर्ट साफ आले आणि माणसाने स्वतःच्या हाताने 'मी बरा आहे, मला सोडा' असं लिहून दिलं की दार उघडायचं. दार बाहेरूनच उघडतं. नियमाचा मसुदा मीच केला होता, आणि ते लिहून घ्यायचं शेपूटही मीच जोडलं होतं. तेव्हा सगळ्यांनी माझी खिल्ली उडवली होती.

ट्यूबमध्ये एका मानवी जनुकापासून बनवलेलं एन्झाइम होतं. नव्या मुलांना मी ते असं समजावतो: जनुक म्हणजे कपाटात कुलपात ठेवलेला मूळ कागद. कामाला बाहेर जाते ती त्याची नक्कल. या घराण्यातली एन्झाइम त्या नकलेतलं एखादं अक्षर वाटेत बदलतात. मूळ कागद शाबूत राहतो. यातलं एक तर आपल्या आतड्यात नेमकं असं अक्षर बदलतं की मधेच 'थांबा' अशी खूण तयार होते. पुढचा मजकूर तिथेच असतो, फक्त तो कुणी वाचत नाही. आमच्या ट्यूबमधलं भावंड काय करतं, हे मात्र अजून कुणाला ठाऊक नाही. इतकं माहीत आहे की रक्तात गेलं तर ते काही वेळातच मोडून पडायला हवं. त्यामुळे मी निवांत आडवा झालो.

घोर होता तो ताईचा. तिचं रक्तच तयार व्हायचं थांबलंय, तिला दुसऱ्याचा बोन मॅरो हवा, आणि सगळ्या नात्यागोत्यात जुळला तो माझ्या एकट्याचा. बुधवारी संध्याकाळपर्यंत हॉस्पिटलात जाऊन मी सही करायची, मग गुरुवारी तिची औषधं सुरू. सही चुकली तर तारीख गेली, आणि पुढच्या तारखेपर्यंत ती राहील असं डॉक्टर म्हणत नव्हते. मंगळवारी सुटणार होतो, म्हणजे हातात एक दिवस होता.

रविवारी मी भिंतीतल्या खणातून चिठ्ठी दिली, 'चहा बिनसाखरेचा.' आला तो पाकासारखा गोड.

"अरे, तूच लिहिलंस ना, साखर जास्त?" इंटरकॉमवर घड्याळबाई म्हणाली. ही माझ्या शेजारच्या टेबलावर काम करते. बारा वर्षांत एकदाही उशिरा आली नाही, म्हणून हे नाव. मी हसलो. चहा प्यायलो.

मंगळवारी तिसरा रिपोर्ट साफ आला. मी माझा जबाब लिहून खणात ठेवला. दहा मिनिटांनी लॅबचे साहेब काचेशी आले.

"कौतुक वाटलं तुमचं," ते म्हणाले. "शंका नको म्हणून आणखी आठवडाभर आत राहतो म्हणता. असं कोण म्हणतं हो?"

मी दोन्ही हातांनी नाही नाही केलं, मोठमोठ्याने बोललो. त्यांनी मान डोलावली, अंगठा दाखवला आणि गेले.

मग मी कोऱ्या कागदावर ठळक अक्षरांत लिहिलं, 'मी बरा आहे. मला आत्ता बाहेर काढा.' तो काचेला लावला आणि घड्याळबाईला खुणेने फोटो काढायला लावला. तिने फोटो काढून फोन काचेला टेकवला.

फोटोत माझीच बोटं होती, अंगठ्यावरची पट्टीसुद्धा. अक्षर माझंच, घाईत वाकडं होणारं. कागदावर लिहिलं होतं, 'मला इथेच राहू द्या.'

मी हातातला कागद उलटून पाहिला. त्यावर मी लिहिलं तेच होतं.

त्या रात्री डोळा लागला नाही. भीती वाटत होती, पण डोकं शाबूत होतं, आणि त्या डोक्याने एक युक्ती काढली. सगळं उलटंच पोचत असेल तर आपणही उलटंच सांगावं.

बुधवारी दुपारी बाराला घड्याळबाईने आपणहून ताईला फोन लावून तो इंटरकॉमला धरला. ताईचा श्वास मला ऐकू येत होता.

"ताई," मी म्हणालो, "मी येणार नाही. मला बोन मॅरो द्यायचा नाही."

मनातून मी खूश होतो. घड्याळबाईकडे पाहिलं. तिचा चेहरा खर्रकन उतरला होता.

"नाही देणार?" ताई म्हणाली. "बरं. नको वाईट वाटून घेऊस. जेवत जा वेळेवर."

फोन बंद झाला.

ही एन्झाइम प्रत्येक अक्षराला हात लावत नाहीत. आपली जागा निवडतात, बाकीचं तसंच जाऊ देतात. अठरा वर्षं मी हेच शिकवत आलो होतो, आणि ऐन वेळी विसरलो. माझ्या ताईला मी स्वतःच्या तोंडाने नाही म्हणालो.

मी काचेवर मुठी आपटल्या. येतो म्हणून सांग, देतो म्हणून सांग, असं ओरडलो.

"कळलं," घड्याळबाई डोळे पुसत म्हणाली. "नाही लावत तिला परत फोन."

मग मी हे लिहायला बसलो. एखादं वाक्य बदलेल, पण वार-वेळांसकट आठ पानं कशी बदलतील? ही हकीकत वाचून कुणीही दार उघडेल. साडेतीनला मी पानं खणात ठेवली. पाचपर्यंत सुटलो तर हॉस्पिटल गाठता येत होतं.

घड्याळबाईने इंटरकॉम चालू केला आणि मोठ्याने वाचू लागली.

"खोली चांगली आहे, हे आधी सांगून टाकतो. पलंग स्वच्छ, उश्या दोन..."

शब्द न शब्द माझा होता. एक अक्षर इकडचं तिकडे नव्हतं. मी तिच्याबरोबर ओठ हलवत होतो आणि मला रडू येत होतं.

"...मला काहीही झालेलं नाही. तक्रारीला जागा नाही."

ती थांबली. पान उलटलं. दुसरं उलटलं, तिसरं उलटलं. दिव्याच्या उजेडात मागून मला माझ्या दाट ओळी दिसत होत्या.

"एवढंच होय?" ती हसली. "किती छान लिहिलंस. ताईंना वाचून दाखवते, त्यांचा जीव भांड्यात पडेल."

पहिलं पान तिने घडी करून पर्समध्ये ठेवलं. घड्याळ पाहिलं. उरलेली सात पानं टेबलावर आपटून नीट जुळवली आणि खणातून आत सरकवली.

"ही कोरी राहिलीत बघ," ती म्हणाली. "तुला लागतील."