दुसऱ्या ओळीचा शेवटचा स्वर

लिफ्टचं जाळीचं दार बंद होता होता आधी एक बूट आत आला, मग गिटारची पेटी, आणि सगळ्यात शेवटी तिचा मालक.

“माफ करा हं… वर चाललाय ना?”

“खाली कोळशाचं तळघर आहे. तिकडे जायचं असेल तर सांगा,” डल्सी म्हणाली.

तो हसला. डल्सी नाही हसली. तिच्या नाकावरून पाण्याचे थेंब ओघळत होते. बाहेर लंडनचा चिवट भुरभुर पाऊस, आणि बाईसाहेबांनी आपला कोट कागदांना गुंडाळलेला! डल्सी पार्जेटर डेन्मार्क स्ट्रीटवरच्या एका प्रकाशकाच्या माडीवर बसून वादकांसाठी नोटेशन उतरवायची. ट्रंपेटचा कागद वेगळा, पियानोचा वेगळा, गिटारचा वेगळा. एरवी कागद निरोप्याबरोबर जायचे. आज संगीत दिग्दर्शक लॉकवुडसाहेबांनी सकाळी आठला चाल बदलली, म्हणून ती स्वतःच पळत आली होती.

त्याने रुमाल पुढे केला. तिने आधी कागद टिपले, मग नाक.

“विल्फ गॅरिटी. गिटार,” तो म्हणाला. “आज पहिल्यांदाच बोलावलंय. माझा कागद कुठला?”

तिने दिला. त्याने कागदाकडे पाहिलं, मग तिच्याकडे… मग पुन्हा कागदाकडे.

“जरा गुणगुणून दाखवा ना.”

“वाचा की! स्वच्छ लिहिलंय.”

“स्वच्छ? मोत्यासारखं आहे! म्हणून तर म्हटलं — अक्षर एवढं गोड, तर आवाज कसा असेल?”

“असं सगळ्यांनाच म्हणता?”

“नाही हो. आजवर लिफ्टमध्ये मला फक्त ड्रमवाले भेटले.”

आता मात्र तिला हसू आवरेना. लिफ्ट म्हातारी, मजले तीन. डल्सीने तो तुकडा गुणगुणला. एकदा नाही, दोनदा. तो भिंतीला टेकून डोळे मिटून ऐकत होता. मुलगा बरा दिसतो, असं तिच्या मनात आलं. मग कान गरम झाले, आणि तिसरा मजला आला.

वर रेकॉर्डिंग स्टुडिओत नेहमीची गडबड. तीन तासांत चार गाणी उरकायची. गायक रेक्स थंडर — घरचं नाव नॉर्मन — केसांचा कोंबडा सावरत उभा होता. रेक्सला गिटार फोटोत धरता यायची, वाजवता नाही. ते काम विल्फसारख्यांनी करायचं, आणि तबकडीवर त्यांचं नावही यायचं नाही.

विल्फने पेटी उघडली. आत लाल रंगाची, घरी बनवलेली गिटार. अमेरिकेतून गिटारी आणायला वर्षानुवर्षं बंदी होती. पोरं मिळेल त्या लाकडावर हौस भागवत.

“कसलं लाकूड हे?” पियानोवाल्याने विचारलं.

“आईच्या जेवणाच्या टेबलाची जोडफळी. गेली तीन वर्षं ख्रिसमसला मामा ताटली मांडीवर घेऊन जेवतो.”

सगळे हसले. काचेपलीकडे डल्सी मूळ प्रत मांडीवर घेऊन बसली, आणि दुसऱ्या ओळीच्या शेवटच्या स्वरावर तिच्या काळजात धस्स झालं. मूळ प्रतीत तिथे शार्पची खूण होती, स्वर अर्धी पायरी वर चढवणारी. गिटारच्या कागदावर ती उतरवायची राहिली होती! मागच्याच महिन्यात लॉकवुडसाहेबांनी बजावलं होतं, “मिस पार्जेटर, पुन्हा चूक झाली तर मी दुसरी मुलगी बघेन.”

ध्वनिमुद्रण सुरू झाल्याचा लाल दिवा लागला. आता ओरडायचीही सोय नाही.

पहिली ओळ… दुसरी ओळ… आणि विल्फने तो स्वर अगदी बरोबर वाजवला.

डल्सीचा जीव भांड्यात पडला. आणि पडल्या पडल्या तिच्या डोक्यात प्रकाश पडला. कागदावर चूक होती, लिफ्टमध्ये तिने गुणगुणलं होतं ते बरोबर. म्हणजे हा गडी कागद वाचत नव्हता!

चहाच्या सुट्टीत तिने त्याला कोपऱ्यात गाठलं. “तुम्हाला नोटेशन वाचता येत नाही.”

त्याचा कप बशीत खणखणला. “हळू बोला हो! साहेबांना कळलं तर इथलं दार कायमचं बंद. मग स्विंडनला परत, रेल्वेच्या कारखान्यात…”

“कळणार नाही. माझी चूक तुम्ही नकळत झाकलीत, तुमची मी कळून झाकते. पण ते लिफ्टमधलं… मोत्यासारखं अक्षर आणि गोड आवाज… ते सगळं कामापुरतंच होतं ना?”

तो लाल झाला. त्याच्या गिटारीएवढा नाही, पण झाला. “पहिल्या मजल्यापर्यंत, हो,” तो म्हणाला. “पुढचे दोन मजले मी नुसता तुम्हालाच ऐकत होतो.”

खरं मानावं की पुन्हा शेंडी लावतोय म्हणावं, डल्सीला कळेना.

“चार आठवड्यांनी साहेबांचं मोठं गाणं आहे,” ती शेवटी म्हणाली. “त्यात गिटारचा लांबलचक तुकडा आहे, कागद ऐनवेळी हातात पडेल. मी गुणगुणणार नाही. वाचायला शिका.”

“शिकवणार कोण?”

“…उद्या साडेपाचला. कोपऱ्यावरच्या इटालियन कॉफीवाल्याकडे.”

डल्सीकडे पाच टोकांची पितळी लेखणी होती. एका ओढीत नोटेशनच्या पाचही रेघा. त्या कागदावर ती बनमधले मनुके मांडायची. मनुका रेघेवर असला तर एक स्वर, दोन रेघांच्या मधे असला तर दुसरा. बरोबर सांगितलं तर मनुका त्याचा, चुकलं तर तिचा. पहिल्या आठवड्यात डल्सीला मनुक्यांचा वीट आला. तिसऱ्या आठवड्यात तिच्या वाट्याला एकही येईना.

“अहो मिस पार्जेटर, एवढं वाईट वाटत असेल तर मुद्दाम चुकू का?”

“चुकून तर बघा!”

पण वाईट तिला वाटतच होतं, आणि मनुक्यांचं नाही. विल्फ मन लावून शिकत होता, आणि जितका लवकर शिकेल तितकी डल्सीची गरज लवकर संपणार होती. स्वर सांगताना त्याचं बोट तिच्या बोटाला लागायचं… ते मुद्दाम, की कामापुरतं? लिफ्टमधलं ते “पहिल्या मजल्यापर्यंत, हो” तिच्या मनातून जाता जात नव्हतं. विल्फवर तिचा जीव जडला होता, आणि त्याला वाचता येऊ लागेल त्याच दिवशी तो आपला कोण, हे तिला कळणार होतं.

मोठ्या गाण्याचा दिवस उजाडला. डल्सी मुद्दाम अर्धा तास आधी येऊन काचेमागे बसली. कागद वाटले गेले. विल्फने आपला कागद पाहिला, ओठ हलवले, आणि लाल दिवा लागल्यावर शेवटपर्यंत न अडखळता वाजवला.

“शाब्बास, गॅरिटी!” लॉकवुडसाहेब म्हणाले. “पुढच्या महिन्याच्या सगळ्या तारखा लिहून ठेवा.”

डल्सीला इतका आनंद झाला की डोळे भरून आले… आणि त्याच डोळ्यांनी तिने पाहिलं, विल्फ तिच्याकडे न बघता पेटी बंद करत होता. झालं तर मग! तिने कोट घातला, लिफ्ट बोलावली, जाळीचं दार ओढलं.

बूट आत आला.

“अहो, थांबा तरी! पेटीचं कुलूप अडकलं होतं.” तो धापा टाकत होता. त्याने खिशातून घडी घातलेला कागद काढला. “जरा गुणगुणून दाखवा ना.”

“आता कशाला?” ती म्हणाली. “आता तुम्हाला वाचता येतं.”

“वाचता येतं. पण हे मी लिहिलंय. आपलंच अक्षर आपल्याला लागत नाही.”

दोनच ओळी होत्या. स्वर कुठे जाड, कुठे बारीक, मुंग्या रांग सोडून पळाव्यात तसे. एका कडेला चिकट डाग होता, मनुकाच असणार. डल्सीने गुणगुणायला सुरुवात केली. चाल साधी होती, पण गोड, आणि ती आणखी कुठेच ऐकलेली नव्हती. दुसऱ्या ओळीच्या शेवटी ती थांबली.

“इथे शार्प राहिलाय.”

“राहिला नाही, सोडलाय. तुमचा त्या दिवशी राहिला नसता, तर मी तुम्हाला कळलो असतो का?” तो एकदम गंभीर झाला. “डल्सी, मला उद्या साडेपाचला यायचंय. परवाही. शिकायचं काही उरलं नाही, तरी यायचंय. माझं प्रेम आहे तुमच्यावर… दुसऱ्या मजल्यापासून.”

“वेडा आहेस तू!” डल्सी म्हणाली, आणि ‘तू’ म्हटलेलं कळल्यावर तिने कागद तोंडासमोर धरला.

लिफ्ट तळाला येऊन थांबली. दाराकडे दोघांपैकी कुणाचाच हात गेला नाही.

“पुन्हा म्हण ना,” विल्फ म्हणाला. “चुकीसकट.”

डल्सी पुन्हा पहिल्या ओळीपासून गुणगुणू लागली, आणि विल्फने तिसऱ्या मजल्याचं बटण दाबलं.