बिनमिठाचं पान

नेत्राच्या मांजर्लीतल्या फ्लॅटमध्ये खाण्याच्या वस्तूंचा नुसता सुकाळ होता, फक्त त्यातली एकही खाता येत नव्हती. टीव्हीशेजारी मिचमिच्या डोळ्यांचा वडापाव, सोफ्यावर उशीएवढी जिलेबी, खिडकीत रुसून बसलेली पाणीपुरी. सगळं क्रोशाने विणलेलं. उल्हासनगरच्या बाजारातून ती गोणीभर लोकर आणायची, वस्तू विणून आत कापूस ठासायची आणि शेवटचं भोक अशा सफाईने बंद करायची, की कापूस काढायचा तर कात्रीच हवी. प्रदर्शनात भलेभले लोक वड्याचे गाल ओढून हसायचे.

घरात मात्र हसू उरलं नव्हतं. मोरिवलीच्या कंपनीत जन्मभर शिफ्टमध्ये राबलेले सासरे आनंदराव वारले आणि सासूबाईंचं, कौसाबाईंचं, अन्न तुटलं. हट्ट नव्हता तो. उभ्या संसारात नवरा जेवून उठला की त्याच्याच ताटात त्या बसायच्या, आणि तो ताटाच्या कडेला त्यांच्यासाठी एक घास राखून ठेवायचा. त्या घासानेच त्यांचं जेवण सुरू व्हायचं. आता काही केल्या गिळवेना. पेज ओठांवरून परत यायची. सोमवारी नाकातून नळी घालू, असं डॉक्टर सांगून गेले होते. नेत्राला ती नळी टाळायची होती. तिला सासू हवी होती, अगदी भांडायलासुद्धा.

म्हणून तिने आख्खं जेवणाचं पान विणलं. वरणभात, पुरणपोळी, भेंडीची भाजी, मधोमध अळूवडी. बघून निदान हसतील तरी, एवढाच हिशेब. रविवारी दुपारी तिने कौसाबाईंना हॉलमध्ये आणून बसवलं आणि पान टीपॉयवर मांडलं.

कौसाबाईंनी ते बराच वेळ न्याहाळलं.

"मीठ नाय वाढलंस."

"मीठ कसं विणणार, आई?" नेत्रा हसली.

"बिनमिठाचं पान नैवेद्याचं असतं गं." त्या हसल्या नाहीत. "पाणी आण."

त्यांनी पानाभोवती पाणी फिरवलं, डोळे मिटून हात जोडले आणि नेत्राचा दंड धरून उठल्या.

"चल आत. जेवणाऱ्याकडं बघू नये."

दोघी स्वयंपाकघरात जाऊन बसल्या. थोड्या वेळाने तुपाचा वास आला, मागोमाग जायफळाचा. शेजारच्या माधवीकडे पुरण शिजत असेल, असं नेत्राने ठरवून टाकलं. मग हॉलमधली खुर्ची मागे सरकल्याचा आवाज झाला.

बाहेर आल्या तेव्हा पान वरवर होतं तसंच होतं. नेत्राने पुरणपोळी उचलली. तिला वजनच नव्हतं. दाबली, तर वरचा आणि खालचा पदर एकमेकांना टेकले. भाताची मूद बसली होती. भेंड्या चपट्या. तिने प्रत्येक टाका बोटाने चाचपला. एकही उसवला नव्हता, गाठी तिच्याच होत्या. जमिनीवर कापसाचा कण नव्हता.

तिला भीती वाटायला हवी होती. वाटलं ते वेगळंच. अंबरनाथच्या देवळात पायऱ्या उतरून गाभाऱ्यात गेलं की बोलणं आपोआप थांबतं, तसं काहीतरी.

अळूवडी मधोमध नव्हती. पानाच्या कडेला होती.

नेत्राने ती उचलली. जड लागली. आणि गरम.

"राखलाय," कौसाबाई पुटपुटल्या. त्यांनी वडी तिच्या हातातून घेतली आणि तोंडात घातली.

"आई, लोकर आहे ती! घशात अडकेल!"

त्या चावत राहिल्या. सावकाश.

गिळलं.

"आ करा!" नेत्राने घाबरून त्यांच्या तोंडात बोट घातलं. लोकरीचा धागाही नव्हता. कवळीच्या फटीत एक तीळ अडकला होता.

नेत्राने वडीवर तीळ विणलेच नव्हते.

"आता भात आण," कौसाबाई म्हणाल्या.

त्या जेवल्या. वरून मागून घेतलं. नेत्रा वाढत होती आणि रडत होती, आणि ते लपवायचं तिला सुचलंही नाही. नळी टळली होती.

हात धुऊन कौसाबाईंनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं.

"उद्या पान जरा लवकर वाढ हां. त्यांना सेकंड शिफ्ट हाय. मोरिवलीला कंपनीत पोचेपर्यंत टाइम लागतो."

नेत्रा "हो" म्हणाली आणि हिरव्या लोकरीचा नवा गुंडा सोडवायला बसली.