सातवी पट्टी

पहिल्याच भेटीत त्यानं माझ्या पांढऱ्या कोटावर सोनं सांडलं! तो घाईघाईनं प्रयोगशाळेत शिरत होता, मी बाहेर पडत होते... आणि त्याच्या हातातली बाटली थेट माझ्या बाहीवर.

"सोनं? हे तर लालभडक आहे!"

"फार बारीक कण केले की सोनं लाल दिसतं." मग हळूच, "लाजत असेल..."

मी रागवायचं ठरवलं होतं, पण जमलंच नाही.

तो शेजारच्या खोलीत सोन्याचे कण बनवायचा. ते लावलेल्या पट्ट्यांवर मी रक्त तपासायचे. रक्तात कॅन्सरचं एक प्रथिन असलं, की पट्टीवर गुलाबी रेघ येत नाही. निरोगी माणसाची लख्ख उमटते. पट्ट्या पारखायला निरोगी रक्त हवं, म्हणून आम्ही सगळ्यांनीच हात पुढे केले. बाटल्यांवर फक्त आकडे. पण सातवी त्याची, हे मला ठाऊक होतं. सुई मीच टोचली होती, आणि हा टोचायच्या आधीच ओरडला होता!

सातव्या पट्टीवर रेघ आलीच नाही.

पुन्हा केली. पुन्हा कोरी. चार महिने आमच्यातल्या ज्या चिडवाचिडवीला मी नुसती थट्टा समजत होते, ती थट्टा नव्हती. हा माणूस मला हवा होता... कायमचा.

प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडम म्हणाल्या, "आधी विचार, काही औषध चालू आहे का?"

विचारलं. तो कानापर्यंत लाल झाला. "केसांसाठी... जीवनसत्त्वाच्या गोळ्या. फार गळतात हो!"

आमच्या पट्टीत रेघ धरून ठेवायला तेच जीवनसत्त्व डिंकासारखं वापरलेलं! रक्तात ते जास्त झालं, की रेघ धरतच नाही. पण कारण नक्की तेच का? आठवडाभर गोळ्या बंद, मग पुन्हा तपासणी. तो आठवडा मी कसा काढला, माझं मला माहीत.

आठव्या दिवशी आम्ही दोघं पट्टीवर डोळे लावून बसलो. पाच मिनिटं... दहा... आणि गुलाबी रेघ!

मला रडूच फुटलं.

"अहो, निरोगी आहे मी! रडताय काय?"

"गोळ्या कुणासाठी गिळत होतात?"

"ताई म्हणाली, टक्कल पडायच्या आत त्या पोरीला विचारून टाक. विचारायचा धीर होईना... म्हटलं, तोवर केस तरी वाचवू."

"आता एकही गोळी घ्यायची नाही."

"आणि केस गेले तर?"

"जाऊ देत," मी त्याचा हात घट्ट धरला. "तू राहा."