अठ्ठेचाळीस कोपरे

आपण चुकीच्या घरी आलो आहोत, हे मानसला कळलं तेव्हा त्याचे दोन्ही हात लोकरीत अडकलेले होते.

त्याचं असं झालं. दिल्लीच्या लक्ष्मीबाई नगरातली सरकारी घरं म्हणजे एका साच्यातून काढलेली. तोच जिना, तोच हिरवा दरवाजा, तीच बाल्कनी. मानसच्या आईने कराडहून पद्माकरकाकांसाठी मेतकुटाचा डबा पाठवला होता. मानसने घराचा नंबर बरोबर शोधला, ब्लॉक मात्र चुकला. दार उघडंच होतं. हाक मारावी म्हणून तो आत डोकावला, तर बाल्कनीतल्या कोवळ्या उन्हात एक मुलगी बसलेली. मांडीवर अर्धा उसवलेला लाल स्वेटर.

"आलीस? चल, हात पुढे कर. जल्दी यार, गुंता होतोय!"

त्या आवाजात असा काही हक्क होता, की मानसने डबा खाली ठेवला आणि मुकाट्याने हात पुढे केले. तिची नजर स्वेटरवरून हलली नाही. एका हाताने ती टाके ओढत होती, दुसऱ्या हाताने त्याच्या मनगटांभोवती लोकरीचे वेढे घालत होती. टाके सुटत होते – एकामागून एक, न तुटता, जणू स्वेटरलाच सुटायची घाई झाली होती. मानस बघतच राहिला.

"अक्षया, तू घड्याळ कधी घेतलंस?" असं म्हणत तिने वर पाहिलं.

आधी भीती, मग आश्चर्य... आणि मग हसू. एवढं सगळं एकाच चेहऱ्यावर, एका क्षणात येऊन गेलं.

"तुम्ही... अक्षया नाही."

"नाही. मी मानस. मानस जगदाळे. पद्माकर साठे इथेच राहतात ना?"

"ते डी ब्लॉकमध्ये. हा बी आहे."

"अच्छा... मग मी निघतो."

"कसे निघणार?" तिने त्याच्या हातांकडे पाहिलं. "लोकर तोडायची नाही हं. अजून एक बाही बाकी आहे."

ती बाही उसवून होईपर्यंत मानस तिथेच उभा राहिला. तिचं नाव कृतिका, अक्षया ही तिची शेजारची मैत्रीण, हे कळलं. वडील भालचंद्रराव केंद्र सरकारच्या एका मंत्रालयात नोकरीला, हेही कळलं. तिच्या आईने स्वयंपाकघरातून येऊन त्याला तसाच हात बांधलेल्या अवस्थेत पाहिलं, आणि कपाळाला हात लावून ती चहा टाकायला परत गेली.

"एवढा चांगला स्वेटर का उसवताय?" त्याने विचारलं.

"कुशन करायला. कॉलनीतल्या मुलांचे स्वेटर तोकडे झाले, की काकू मला देतात. त्या लोकरीची मी झालर करते. बघायचंय?"

तिने आतून एक कुशन आणलं. मातकट रंगाचं साधं खादीचं कापड, आणि चारही कडांना लाल-नारिंगी लोकरीची दाट झालर. उसवलेल्या लोकरीला जुन्या टाक्यांची वळणं राहतात ना, ती तिने मुद्दाम तशीच ठेवली होती. त्यामुळे ती झालर कुरळी, जिवंत वाटत होती. मानसने कुशन हातात घेतलं आणि सवयीने त्याची कड नखाने उलटी केली.

"काय शोधताय?"

"शिलाई. माझं कामच आहे ते. मानेसरला आमचा कारखाना आहे, गाड्यांच्या सीट बनतात. मी सीट तपासतो."

"बसून?"

"नाही हो! शिलाई तपासतो. इंचाला किती टाके, कड सरळ आहे का. चूक दिसली, की तिथे खडूने गोल करायचा. गोल दिसला, की कारागीर ती शिलाई उसवतात आणि पुन्हा घालतात."

"उसवतात म्हणजे?"

"आत्ता तुम्ही जे करत होतात ते."

"ओहो, उधेडना!" ती हसली. दिल्लीत वाढलेली मुलगी. तिच्या मराठीला अशी मधेमधे हिंदीची ठिगळं होती, आणि तीसुद्धा शोभून दिसत होती. "मग सांगा ना, इन्स्पेक्टर. पास की फेल?"

मानसला खूप काही बोलायचं होतं. पण तोंडातून निघालं एवढंच – "ठीक आहे."

"ठीक आहे!" कृतिकाने मान उडवली. "बिल्कुल सरकारी शेरा."

त्यानंतर दर रविवारी मानस लक्ष्मीबाई नगरात येऊ लागला. रिकाम्या हाताने कसं यायचं? म्हणून तो जुने स्वेटर आणायचा. आर. के. पुरममधल्या त्याच्या खोलीत आणखी दोघे राहत होते. महिन्याभरात त्यांचे स्वेटर संपले; थंडी मात्र संपली नव्हती.

झालर कशी होते, ते त्याने इथेच पाहिलं. कृतिका पुठ्ठ्याच्या लांब पट्टीवर लोकर गुंडाळायची, वेढ्याला वेढा चिकटून. मग एका कडेला फीत ठेवून त्यावर शिलाई मारायची आणि पट्टी हळूच ओढून घ्यायची. मागे उरायची लोकरीच्या फासांची एक लांबलचक रांग. ती दोन कापडांच्या मधे ठेवून शिवली, कापड उलटवलं, की झालर फुलासारखी बाहेर यायची. हे सगळं करताना ती ना पट्टीने मोजायची, ना खूण करायची. कारखान्यात मोजमापाची पाच साधनं खिशात घेऊन फिरणारा मानस तिच्या बोटांकडे बघत बसायचा.

"काही चुकतंय का?" ती विचारायची.

"नाही... चालू द्या."

जानेवारीअखेर भालचंद्रराव निवृत्त झाले. घर सोडायचं होतं, सगळ्यांनी नागपूरला जायचं होतं. कृतिकाला जायचं नव्हतं. इथे तिची माणसं होती, तिचं काम होतं... आणि दर रविवारी एक इन्स्पेक्टर यायचा, तो वेगळाच. वडिलांनी तिला एक संधी दिली होती.

"गुडगावला मिसेस बक्षी म्हणून आहेत," तिने मानसला सांगितलं. "नव्या सोसायट्या झाल्यात ना तिकडे, तिथल्या लोकांसाठी त्या फर्निचरचं मोठं दुकान उघडताहेत. बारा कुशन मागितलीत नमुन्याला. रविवारी बघणार. आवडली तर दर महिन्याला काम. बाबा म्हणाले, काम मिळालं तर सुमित्रामावशीकडे राहा. नाही मिळालं, तर आमच्याबरोबर गाडीत बस."

"गाडी कधीची?"

"मंगळवारची."

मानसने हातातला लोकरीचा गुंडा उगाच उलटसुलट केला. "होईल सगळं ठीक," तो म्हणाला.

गुरुवारी सकाळी तो आला. त्या आठवड्यात त्याची दुपारची पाळी होती. बाराही कुशन तयार होऊन चटईवर रांगेने मांडलेली.

"मला दोरा आणायला बाजारात जायचंय," कृतिका चपला घालत म्हणाली. "तोवर तपासून ठेवा. आणि हे बघा, ओळख-बिळख बाजूला ठेवायची. चूक दिसली तर सोडायची नाही. सांगाल ना?"

"सांगेन."

ती गेली. मानस चटईवर बसला, आणि पहिलं कुशन हातात घेताच सगळं विसरला.

झालर कोपऱ्यावर वळते, तेव्हा ती विरळ होते. फास फाकतात, मधली फट दिसते. सीटच्या कडेला बारीक गोट लावतानासुद्धा कारखान्यातल्या यंत्रांना कोपरा छळतो. आणि इथे? इथे कोपऱ्याशी आल्यावर झालर उलट दाट होत होती. फास एकमेकांवर कलले होते, गर्दीत माणसं एकमेकांना जागा देतात तसे. सुरुवात कुठे, शेवट कुठे, जोड कुठे – काही सापडत नव्हतं. त्याने बोट फिरवलं. पुन्हा फिरवलं. सत्तावीस वर्षांच्या आयुष्यात त्याने किती शिलाया पाहिल्या असतील! पण असा कोपरा पाहिला नव्हता.

त्याने खिशातली वही काढली आणि चित्रं काढायला घेतली. नेमकं कुठे बघायचं ते हरवू नये, म्हणून प्रत्येक कोपऱ्यावर खडूने बारीक गोल केला. एक, दोन, चार, दहा... बारा कुशन, अठ्ठेचाळीस कोपरे. शेवटचं चित्र संपलं आणि त्याचं लक्ष घड्याळाकडे गेलं. कंपनीची बस! तो वही खिशात कोंबून जिन्याकडे धावला. गोल पुसायचे राहूनच गेले.

शुक्रवारी जादा काम लागलं, येता आलं नाही. शनिवारी सकाळी तो आला, तेव्हा आईने दार उघडलं. ती बाल्कनीकडे बघून बाजूला झाली.

कृतिकाच्या भोवती बारा कुशन पडली होती. प्रत्येकाचे चारही कोपरे उसवलेले. झालर लोंबत होती. तिचे डोळे सुजले होते.

"कृतिका... हे काय?"

"तुम्हीच सांगितलंत ना. अठ्ठेचाळीस चुका." तिने सुई खाली ठेवली. "मी मोजल्या. सगळं उधेडून पुन्हा शिवलं, पुन्हा उधेडलं; तीन कुशनचं तर दोनदा केलं. पण चूक काय, तेच मला सापडत नाहीये. काय चुकलंय, मानस? एवढं तरी सांगा. नागपूरला जायच्या आधी निदान कळू दे."

 मानस तिथेच, लोकरीच्या ढिगात बसला. खिशातली वही काढून त्याने तिच्यासमोर धरली.

"हे बघा."

तिने पान उलटलं. कोपरा. पुढचं पान – कोपरा. झालरीचा एकेक फास पेन्सिलने काढलेला, कललेला. शेजारी बारीक अक्षरात लिहिलेलं – 'जोड सापडत नाही.' 'इथेही नाही.' 'हे कसं केलं असेल?'

"चूक नव्हती," मानस म्हणाला.  "एकही नव्हती. कारखान्यात एवढी यंत्रं आहेत, जपानी आहेत, पण असा कोपरा कुणालाच वळवता येत नाही. मला समजून घ्यायचं होतं. विसरू नये म्हणून खुणा केल्या."

"काय विसरू नये म्हणून?"

"की... असंही काही असतं जगात."

 खाली हिरवळीवर बायका मटार सोलत बोलत होत्या, त्यांचे आवाज वर येत होते.

"एवढं सगळं," कृतिका हळूच म्हणाली, "तोंडाने नाही सांगता आलं?"

"सवय नाही. आमच्याकडे चुकलं तरच बोलतात. बरोबर असलं, की सीट पुढे जाते, कुणी काही म्हणत नाही." त्याने मान वर केली. "पहिल्या दिवसापासून मला म्हणायचं होतं. तुमच्या कामाबद्दल... आणि नुसतं कामाबद्दलच नाही. खूप आहे, कृतिका. कुठून सुरू करायचं तेच कळत नाही."

तिने डोळे पुसले. वही मिटून स्वतःजवळ ठेवली.

"सुरुवात सुईत दोरा ओवून करा," ती म्हणाली. "उद्या बारा कुशन न्यायची आहेत. बाकीचं शिवता शिवता सांगा."

त्या दिवशी मानस पाळीला गेलाच नाही; दिवसभर ते शिवत होते. ती टाके घालत होती, तो झालर धरत होता, आणि सांगत होता. आधी अडखळत, मग न थांबता. ती मधेच म्हणायची, "अच्छा? आणि?" तो पुन्हा सुरू. दुपारी तिने एक कोपरा त्याला शिवायला दिला.

"दोन फास जास्तीचे आत ढकला... ओढू नका हो! लोकरीला जिथे जायचंय तिथे जाऊ द्या. आपण नुसतं सोबत राहायचं."

त्याचा कोपरा रुसलेल्या मुलासारखा एका बाजूला तोंड करून बसला. कृतिका हसून हसून मागे भिंतीला टेकली. दिवे लागायच्या सुमारास बारावं कुशन झालं.

रविवारी दोघं दोन मोठी गाठोडी घेऊन गुडगावला गेले. रस्त्याच्या एका बाजूला मोहरीची पिवळीजर्द शेतं, दुसऱ्या बाजूला काचेच्या नव्याकोऱ्या इमारती. काचांमध्येही मोहरीच फुललेली. मिसेस बक्षींचं दुकान एवढं मोठं, की बोललं तर आवाज घुमेल. कृतिकाने एका पांढऱ्या सोफ्यावर कुशन मांडली, आणि त्या कोऱ्या, परक्या दुकानात एकदम घर आल्यासारखं झालं.

मिसेस बक्षींनी एकेक कुशन उचललं, उलटवलं, कडेवरून हात फिरवला. चेहऱ्यावर काही दिसेना. मानसने श्वास रोखून धरला होता. रोज हाच प्रसंग तो दुसऱ्यांवर आणत होता. त्या माणसांना काय वाटत असेल, ते त्याला आज कळलं. शेवटच्या कुशनवर त्यांचा हात थांबला.

"ये एक कोना गड़बड़ है, बेटा."

मानस पुढे सरसावला. "ये मैंने –"

"ये वाला बिकाऊ नहीं है, जी," कृतिकाने ते कुशन शांतपणे काढून घेतलं आणि छातीशी धरलं. "बाकी ग्यारह देखिए."

मिसेस बक्षींनी तिच्याकडे पाहिलं, मग लाल झालेल्या मानसकडे पाहिलं, आणि पहिल्यांदाच हसल्या. "ग्यारह बहुत सुंदर हैं. अगले महीने से शुरू करो."

लक्ष्मीबाई नगरातल्या घरात सगळं सामान बांधून झालं होतं. भालचंद्रराव एका ट्रंकेवर बसून वर्तमानपत्र वाचत होते.

"बाबा, काम मिळालं," कृतिका म्हणाली. "मी राहते आहे."

"वा! सुमित्राकडे?"

"हो. सध्या."

भालचंद्ररावांनी वर्तमानपत्र खाली केलं. चाळीस वर्षं सरकारी कागद वाचलेला माणूस; एखादा शब्द जास्तीचा पडला, की त्यांना तो टोचायचाच. "सध्या म्हणजे कधीपर्यंत?"

कृतिकाने मानसकडे पाहिलं. मानसने तिच्याकडे पाहिलं. आणि चांगल्या गोष्टीवर आयुष्यात कधी तोंड न उघडलेला तो माणूस एका दमात बोलून गेला – "लग्न होईपर्यंत."

स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज थांबला.

"कुणाचं?"

"माझं. म्हणजे... आमचं. म्हणजे तुम्ही हो म्हणालात, तर."

भालचंद्ररावांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग दोघांकडे आळीपाळीने पाहिलं.

"हे असं तोंडी चालत नाही, जगदाळे," अखेर ते म्हणाले. "तुमच्या वडिलांना रीतसर पत्र पाठवायला सांगा. नागपूरचा पत्ता लिहून घ्या."

"अहो, आधी त्याला बसायला तरी सांगा!" आतून आई म्हणाली. तिचा आवाज ओला होता.

मानस दुसऱ्या ट्रंकेवर बसला आणि गुडघ्यावर कागद ठेवून लिहू लागला.  भालचंद्रराव एकेक ओळ सावकाश सांगत होते – गल्ली, घर, धंतोली, नागपूर. सांगून झालं. त्याने पेन खाली ठेवलं.

"पिन कोड राहिला," मागून अगदी हळू आवाज आला.

मानसने वळून पाहिलं. कृतिका ते एक कुशन अजून छातीशी धरून उभी होती. आणि मग एकेक आकडा, न चुकता, त्याच्या डोळ्यांत बघत, तिनेच त्याला सांगितला.