फुकटचा चार्ज

दिवा राहू दे चालू. ही आमच्या ऑफिसातल्या कॅशियरची गोष्ट आहे. मला त्याच्या बायकोने स्वतः सांगितली, म्हणून खरी.

कॅशियरने विजेची गाडी घेतली आणि घरी चार्जिंगचा पॉइंट काढायला वायरमनला बोलावलं. रात्री वीज स्वस्त, म्हणून रात्रीच चार्ज करायची. हा एक नंबरचा कंजूष. चहाचे पैसे द्यायची वेळ आली की याला नेमका फोन यायचा. आता झालं काय, गाडी चार्जिंगला लावली की घरातला फ्यूज उडायचा, कारण आत म्हाताऱ्या वडिलांचं ऑक्सिजनचं मशीन चालू असायचं. वीज कंपनीकडे जास्तीचा लोड मागायचा तर पैसे पडणार. मग या शहाण्याने रात्रीपुरतं मशीनच बंद ठेवलं. "झोपेत कशाला लागतंय त्यांना?" म्हणाला. बायको रडली, भांडली. हा ढिम्म.

आठवडाभरात म्हातारा गेला. आणि हा नालायक ऑफिसात आम्हाला सांगतो, आता मशीनचंही बिल वाचलं.

पुढे एका रात्री तो गाडी चार्जिंगला लावायला विसरला. सकाळी बघतो तर चार्ज पूर्ण. दुसऱ्या रात्री मुद्दाम लावली नाही, तरी पूर्ण. कुठून आलं, कसं आलं, विचारायचं नाव नाही. फुकट म्हटल्यावर स्वारी खूश. जिना चढताना धाप लागायला लागली, तेही याला कळेना.

फेब्रुवारीतला दुसरा शनिवार. रात्रीचे दोन. बायकोला जाग आली. नवरा शेजारी होता. त्याची छाती हलत नव्हती...

खाली गॅरेजमध्ये कुणीतरी श्वास घेत होतं. घर्रर्र... मग काही नाही... मग पुन्हा घर्रर्र...

दोन वर्षं तिने सासऱ्यांच्या उशाशी बसून तोच आवाज ऐकला होता.

ती खाली गेली. चार्जिंगची वायर भिंतीवर गुंडाळून ठेवलेली. गाडीत कुणी नाही. स्क्रीनवर आकडा चढत होता. सत्त्याण्णव... अठ्ठ्याण्णव...

तिने हात जोडले. "बाबा, सोडा त्यांना."

...

आकडा थांबला. वरून नवऱ्याचा खोकला ऐकू आला.

मेला नाही तो. तेच मशीन नाकाला लावून पडलाय, रात्रंदिवस. आणि एवढं होऊनही मी भेटायला गेलो तर मला काय विचारावं? "जाताना जरा गाडीचा चार्ज बघता का हो, किती आहे?"

मी बघितला नाही. गाडी तेव्हापासून कुलपात आहे; जाताना बाहेरून फक्त नजर गेली. पुढच्या काचा कोरड्या होत्या. मागच्या सीटची तेवढी... आतून वाफ धरलेली.