तेल प्यायलेली कॅसेट

खट्! हबीबचाचांच्या जुन्या व्हॅनमधल्या टेपने चौथ्यांदा कॅसेट बाहेर ढकलली. मागच्या सीटवर दिपालीने कपाळावर हात मारून घेतला.

दुष्काळाचं वर्ष होतं. टँकर कधी, कुठे येणार हे चाचा टपावरच्या भोंग्यातून पडेगावच्या वस्त्यांना कळवत. सुट्टी लागल्यापासून दिपाली आणि चाचांचा नातू रय्यान सोबत असत. चाचांचा घसा बसला होता, म्हणून सूचना दिपालीच्या आवाजात मोबाइलवर भरलेली असे. फीत नसलेली एक कॅसेट टेपमध्ये घालायची, तिची वायर मोबाइलला जोडायची, की भोंगा बोलू लागे.

आज टँकर विहिरीऐवजी शाळेमागे येणार होता, तीन वाजता. नाल्यापलीकडे मेंढ्या घेऊन उतरलेल्या सारजाबाईंना चाचांनी बजावलं होतं, माझा भोंगा ऐकल्याशिवाय उन्हात निघू नका. तिकडे गाडी जात नव्हती, आणि कुणी पायी जाऊन सांगेपर्यंत टँकर रिकामा झाला असता. दोन वाजून गेले होते.

"टेप मेला. काढूनच टाकतो," खिडकीतून डोकावत दिपालीचे खंडेरावकाका म्हणाले. शेंद्र्याच्या कारखान्यात कामाला असल्यामुळे आपल्याला सगळी यंत्रं कळतात, असा त्यांचा ठाम समज होता. टेपचे स्क्रू काढायला ते पेचकस शोधू लागले. दिपाली मुद्दाम त्या पेचकसावरच बसली होती. शेवटी काका कुरकुरत दुसरा आणायला घरी गेले.

रय्यानने लगेच चाचांची कव्वालीची जुनी कॅसेट घातली. ती छान वाजली, म्हणजे टेप जिवंत होता. मोबाइलला इअरफोन लावला, तर सूचनाही स्पष्ट ऐकू आली. आता उरली ती वायरची कॅसेट. दिपालीने तिचं चाक बोटाने फिरवून पाहिलं. चाक हललं नाही, बोट मात्र काळं आणि तेलकट झालं. पेचकसाने कॅसेट उघडली, तर दातेरी चाकांत तेल आणि धुळीचा चिखल!

"चाकं अडली की टेपला वाटतं फीत अडकली. म्हणून तो कॅसेट बाहेर टाकतो," ती म्हणाली. "पण चाचा, यात तेल कुणी घातलं?"

"मीच की," चाचा भाबडेपणाने म्हणाले. "चाळीस साल हिमरूचं कापड विणलं, बेटा. मागाला तेल दिल्याबगैर कधी बसलो नाय. ही बी फिरणारीच चीज, म्हणून रोज सकाळी दोन थेंब देतो."

रय्यान खो खो हसला. दिपालीलाही हसू आलं, पण चाचांच्या खिशातली ती छोटी बाटली पाहून तिला गलबलूनही आलं. माग बंद होऊन वर्षं झाली, हाताची सवय तेवढी राहिली होती.

प्रथमोपचाराच्या पेटीतलं स्पिरिट आणि कापूस घेऊन दोघांनी चाकं पुसली, वाळवली, कॅसेट बंद केली. चाचांनी गाडी नाल्याच्या काठावर नेली. दिपालीने कॅसेट आत सारली. खट् झालं नाही. तिचाच आवाज माळावर घुमला.

थोड्या वेळाने पलीकडे धूळ उठली. मेंढ्यांपुढे सारजाबाई काठी उंचावत येत होत्या.

"लई लांबून वळखला गं तुझा आवाज," शाळेमागे हंडे भरताना त्यांनी दिपालीच्या गालावरून हात फिरवला. नवा पेचकस हातात घेऊन आलेले काका ओशाळून म्हणाले, "आमच्या कारखान्यात पाहिजेत अशी पोरं!"

चाचांनी तेलाची बाटली दिपालीच्या हातात ठेवली. "तूच संभाळ. माझा हात काय ऐकायचा नाय."

दुसऱ्या दिवशी सकाळी व्हॅनचं दार करकरलं, तेव्हा दिपालीने बाटली परत त्यांच्या हातात दिली.

"चाचा, दोन थेंब इथं द्या," दाराच्या बिजागरीवर बोट ठेवून ती म्हणाली. "रोज द्या."